आधी आईशी बोला, मग लस टोचा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सर्व बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांस,



मी निवृत्त आरोग्य सेविका आहे. माणमधल्या एका उपकेंद्रात नोकरी सुरू झाली, मग कराड तालुका झाला आणि शेवटची वर्षं आंतरजिल्हा बदलीने वाळव्यात गेली. खांद्याला व्हॅक्सिन कॅरिअर, हातात ड्यू लिस्ट आणि सोबत आशाताई, अशा वाड्यावस्त्या केल्या. तुम्ही मिरजेत, सांगलीत, कराडात, साताऱ्यात दवाखाने चालवता. तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन अपरात्री कुणी दारात आलं तर तुम्ही उठून बसता, हे मी पाहिलेलं आहे. तेव्हा पुढचं सगळं तुमच्याविषयी आदर ठेवूनच लिहिते आहे. पण मनात साचलेली नाराजी आता बोलून दाखवायलाच हवी.

आमच्या गल्लीतली एक सून, चांगली शिकलेली, बाळाला पेंटाच्या दुसऱ्या डोसासाठी एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. पहिल्या डोसानंतर बाळ तापाने रात्रभर रडलं होतं, मांडी सुजली होती. तिने विचारलं, "पुन्हा असंच होईल का? हा डोस थोडा पुढे ढकलला तर चालेल?" तिला उत्तर मिळालं, "मोबाइलवर वाचून आलात ना? मग डॉक्टर कशाला हवा?" ती बाळाला घेऊन उठली आणि पुढचे कित्येक महिने कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही. मोबाइल हातात होताच. त्यावर न रागावता उत्तर देणारी पुष्कळ माणसं तिला भेटली, आणि त्यांची उत्तरं खोटी होती.

तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर दोन मिनिटांचं होतं. पेंटा ही घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच रोगांवरची लस. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे ताप येतो, मांडी दुखते, सूज येते आणि एक-दोन दिवसांत सगळं उतरतं. वजनाच्या मापाने पॅरासिटामॉल द्यायचं, अंगावर पाजत राहायचं, सुजेवर काही चोळायचं नाही. झटका आला, ताप फार चढला किंवा बाळ तीन तासांहून जास्त एकसारखं किंचाळत राहिलं तर ताबडतोब घेऊन यायचं. आणि ढकलायचं का नाही, तर डांग्या खोकला सर्वांत जास्त जिवावर बेततो तो अगदी तान्ह्या बाळाच्या. म्हणून तर सहा, दहा आणि चौदा आठवडे असा इतक्या लवकरचा हिशेब ठेवला आहे. एवढं ऐकलं असतं तर ती बाळाला मांडीवर घेऊन तिथेच बसली असती, याची मला खात्री आहे.

आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं की, टोचल्यावर आईला चार गोष्टी सांगितल्याशिवाय तिला सोडायचं नाही. कोणती लस दिली आणि ती कशासाठी, त्याने काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढच्या डोसाला कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून प्रत्येक वेळी आणायचं. शिवाय अर्धा तास बसवून ठेवायचं. समाजमंदिराच्या ओट्यावर, पन्नास बायकांच्या गर्दीत आम्ही हे सांगत होतो. तुमच्या दवाखान्यात बसायला खुर्च्या आहेत आणि तुमचा शब्द आमच्यापेक्षा वजनदार आहे. मग हे बोलणं रिसेप्शनवरच्या मुलीवर किंवा छापील पत्रकावर का सोपवता?

लसीवरचा वाद सध्या दोन टोकांवर चालतो. एक बाजू म्हणते, लस सक्तीची करा, न देणाऱ्यांच्या मुलांना शाळेत घेऊ नका. दुसरी म्हणते, मूल आमचं, निर्णयही आमचाच. सक्तीने एक डोस टोचून होईल, पण पुढच्या वेळी ती आई दारच उघडणार नाही. आणि "मूल आमचं" हेही मला पुरतं पटत नाही. गोवराचा विषाणू रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. गोवर-रुबेलाच्या, म्हणजे एमआर लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. त्याआधीच्या बाळाला आईकडून आलेली थोडीफार शक्ती आणि आजूबाजूच्या मुलांचं लसीकरण, एवढाच आधार असतो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या बंगल्यात कुणी आपल्या मुलाला एमआर द्यायची नाही असं ठरवलं, तर तो निर्णय दवाखान्यात शेजारी बसलेल्या सहा महिन्यांच्या परक्या बाळासाठीही झालेला असतो. त्या बाळाच्या आईला कुणी विचारलेलं नसतं. गोवर रोखायचा तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, मग भिवंडी-मालेगावला गोवर पसरला आणि मुलं दगावली, ती बहुतेक जिथे डोस राहून गेले होते तिथेच.

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोविडच्या लसीबाबत निकाल दिला. कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, हे त्यातलं वाक्य लस नाकारणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की, लोकांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं. आणखी एक गोष्ट त्यात होती, ती थेट तुमच्या कामाची. लसीनंतर झालेला त्रास सामान्य माणसाला आणि खासगी डॉक्टरांना सहज नोंदवता येईल अशी सोय सरकारने करावी आणि ती माहिती लोकांना पाहता यावी, असं न्यायालयाने सांगितलं. माझ्या नोकरीत खासगी दवाखान्यातून अशी नोंद क्वचितच आलेली मी पाहिली. बाळाला झटका आला, गळू झालं, तर तुम्ही उपचार केलेत, बाळ बरं झालं, पण कागदावर काही उमटलं नाही. जिल्ह्यात यासाठी समिती असते. तिच्यापर्यंत प्रकरण पोहोचलं तरच त्रास लसीमुळे झाला, हाताळणीमुळे झाला की योगायोगाने, हे ठरवता येतं. नोंद लपली की आईबाप समजतात, काहीतरी दडवत आहेत. त्यांचं चुकतं कुठे?

लोकांचा हा अविश्वास आजचा नाही. १८९७ च्या प्लेगात साथीच्या रोगांचा कायदा आला आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलात सोजीर घराघरांत शिरले. माणसं फरपटत नेली, देवघरं बाटवली. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक, सावित्रीबाई फुले, पुण्यात प्लेगचे रोगी मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोहोचवत होत्या. १० मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या. आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग दुसऱ्यांना देऊ केली. रोग तोच, वर्ष तेच. रँडने लोकांचं काहीच ऐकून घेतलं नाही, आणि या दोघांनी आधी आपला जीव पुढे केला.

हाफकिन यांचं पुढे काय झालं, हेही तुम्हाला ठाऊक असेल. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी त्यांची लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका त्यांच्यावर आला, कामावरून दूर व्हावं लागलं. बाटलीत दोष मुंबईच्या प्रयोगशाळेत शिरलेला नव्हता, गावात ती उघडताना हलगर्जी झाली होती, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. मुल्कोवालनंतर सुमारे एकशे वीस वर्षांनी, २०२२ च्या जानेवारीत, बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात एमआरच्या लसीकरणानंतर तीन बाळं गेली. लसीच्या बाटल्या हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, हे पुढे आलं आणि कर्मचाऱ्यांना निलंबित केलं गेलं. ज्या बाईने जन्मभर गोवराच्या लसीची बाटली हाताळली, तिला ती बातमी वाचून काय वाटलं असेल, ते इथे लिहीत नाही. ही लस कोरडी पूड असते. सोबतच्या द्रवात कालवली की चार तासांच्या आत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. कालवल्याची वेळ बाटलीवर लिहायची. त्यानंतर तिच्यात जंतू वाढले तर ते बाळाच्या जिवावर उठतात. नियम एवढा साधा आहे, आणि तो मोडला की मरण येतं.

अशी बातमी आली की तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात, "लस शंभर टक्के सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका." माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, असं म्हणू नका. रामदुर्गची बाळं अफवा नव्हती. लसीत दोष नव्हता, ती ठेवण्यात आणि देण्यात होता, असं स्पष्ट सांगा, आणि मग तुमच्याकडे ती कशी ठेवली जाते ते दाखवा. बाटलीवर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लसीला उष्णता बाधलेली नाही. तो गोलाइतका गडद झाला की बाटली टाकायची. मी म्हसवडच्या बाजारादिवशी ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिच्या हातात बाटली देऊन हा चौकोन दाखवत होते. पुढच्या वेळी तीच पुढे होऊन म्हणायची, "बाई, आधी चौकोन दावा." तिला लसीचं शास्त्र समजलं होतं असा माझा दावा नाही. पण तपासायचा हक्क आपल्याला आहे, हे तिला समजलं होतं, आणि त्यानंतर तिच्या वस्तीवर मला एकही दार बंद मिळालं नाही.

आता पैशांचं बोलते, कारण त्यावर कुणी बोलत नाही. उपकेंद्रात पेंटा, पोलिओ, रोटा, न्युमोकोकल, एमआर सगळं फुकट मिळतं. तुमच्याकडे त्याच रोगांवरची "न दुखणारी" लस हजारांत जाते, आणि वर कांजिण्या, कावीळ अ, टायफॉइड, फ्लू यांची यादी असते. या लसी वाईट आहेत असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण "सरकारी लस दुखते, ताप आणते, मग तुमची मर्जी" असं ऐकून बाहेर पडलेल्या आईला काय वाटतं, याचा विचार करा. तिला वाटतं सरकारी लस हलकी. ऐपत असेल तर ती कर्ज काढते. नसेल तर तिच्या मनात अपराध राहतो आणि कधी कधी दोन्ही राहून जातं. डांग्या खोकल्याची जुनी, ताप आणणारी लस नव्यापेक्षा जास्त काळ टिकणारं संरक्षण देते, हे तुम्ही पुस्तकात वाचलेलं आहे. ते आईला का सांगत नाही? "फुकटची घेतलीत तरी बाळाचं काही कमी होणार नाही" हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं तर निम्मा संशय तिथेच संपेल. कोणती लस गरजेची आणि कोणती परवडत असेल तर घ्यायची, हे किमतीसकट दाराशी लिहून लावा.

दवाखान्यातलं आणखी एक. नाक वाहतंय, थोडं कोमट लागतंय म्हणून बाळाला डोस न देता परत पाठवू नका. साध्या सर्दीने लस थांबवायची नसते. माणच्या कुठल्याशा वस्तीवरून एक दिवसाची रोजंदारी बुडवून आलेली बाई "पुढच्या आठवड्यात या" म्हटल्यावर येत नाही.

शाळांमधल्या मोहिमांविषयीही मला बोलायचं आहे, कारण तिथे तुम्ही सल्लागार म्हणून बसता. २७ नोव्हेंबर २०१८ ला राज्यात ९ महिने ते १५ वर्षं वयाच्या मुलांसाठी एमआरची मोहीम सुरू झाली. मोहीम योग्य होती, मी स्वतः राबले. पण मी पाहिलेल्या काही शाळांतून घरी एवढीच चिठ्ठी गेली की उद्या लस आहे, मुलाला जेवू घालून पाठवा. आणि मग नपुंसकत्वाच्या अफवा पसरल्यावर सगळे आईबापांना दोष देत सुटले. दोनच महिन्यांत, जानेवारी २०१९ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांच्या संमतीशिवाय शाळेत ही लस देता येणार नाही असं सांगितलं, आणि लसीचे संभाव्य त्रासही जाहिरातीत छापा असं बजावलं. त्याआधी २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्हीची लस देताना संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. आंध्र आणि गुजरातेत मिळून ज्या सात मुली गेल्या, त्यांचे मृत्यू लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही. तरीही तो प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला, आणि त्या लसीवरचा डाग आजतागायत पुसला गेलेला नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस एका सहीपायी बदनाम झाली. ही लस आपल्याकडच्या मुलींनाही द्यायची आहे. लहान मुलीचा बाप विचारणारच की हिला आत्ताच कशाला. विषाणूशी गाठ पडण्याआधी दिली तरच ती नीट काम करते, हे त्याला शाळेच्या पालकसभेत उभं राहून सांगणारा डॉक्टर हवा. मुख्याध्यापकांवर ते ढकलू नका.

आणि आता जे सर्वांत जास्त सलतं ते. माझ्या रजिस्टरात लस नाकारणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. राहिलेले डोस ज्यांचे होते त्यांना कुणी निवड दिलीच नव्हती. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून आणि आपल्याच जत, माण भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. साखराळे, रेठरे, वांगी, कुंडल, यशवंतनगर, भुईंज, जिथे कारखाना तिथे त्यांच्या खोपी उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुट्टी नाही. पहाटेच्या अंधारात टोळी फडात जाते. आम्ही दहा वाजता सेशन लावायचो तेव्हा खोपीत म्हातारी आणि कुत्रं. बाळ फडाच्या बांधावर, साडीच्या झोळीत. तिथे जाऊन आईला विचारलं तर ती कोयता खाली न ठेवता म्हणायची, "झाल्यात की तीन सुया." कोणत्या तीन, ते कार्डावर, आणि कार्ड गावाकडच्या पेटीत. जन्मानंतर चोवीस तासांत द्यायची कावीळ ब ची लस खोपीत जन्मलेल्या बाळाला कोण देणार? मार्च-एप्रिलात गाळप संपून पट्टा पडला की टोळी गावी जाते, तिथली आशाताई म्हणते, तिकडे झालं असेल. इकडची म्हणते, तिकडे होईल. एमआरचा दुसरा डोस या दोन वाक्यांच्या मध्ये हरवतो.

शासन काही करत नाही असं नाही. ऊसतोड आणि वीटभट्टीच्या वस्त्यांसाठी इंद्रधनुष लसीकरण मोहिमेत वेगळी सेशन होतात, आता लसनोंदीच्या यू-विन पोर्टलवर नोंदही असते. पण एका सेविकेकडे चार-पाच हजारांची लोकसंख्या आणि वर खोपींची भर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात एक ते दोन वर्षांच्या ७६.४ टक्के बालकांचं लसीकरण पूर्ण होतं, महाराष्ट्रात ७३.५ टक्के. आपल्यासारख्या राज्याचा आकडा देशाच्या सरासरीखाली असावा, याची मला लाज वाटते. आणि पालकांच्या निवडीवर चर्चा ऐकताना दर वेळी जाणवतं, फडातल्या बाईचं नाव त्यात कुणीच घेत नाही.

म्हणून मागणं मागते. तुमच्या संघटनेच्या बैठका मिरजेत, कराडात होतातच. या गाळप हंगामात प्रत्येक कारखान्याला दोन-तीन डॉक्टर वाटून घ्या. महिन्यातून एक संध्याकाळ, टोळी फडातून परतल्यावर, सात ते नऊ, खोपीजवळ बसा. लस आरोग्य केंद्राची असेल, टोचायला सेविका असेल. तुम्ही फक्त आईशी बोला, कार्ड नसेल तर नवं करायला लावा, आणि पाच वर्षांच्या आतल्या ज्या मुलाचा एमआर झाल्याची नोंद नाही त्याला देण्याचा निर्णय तिथल्या तिथे घ्या. सेविका एकटी तो निर्णय घ्यायला कचरते, हे मला ठाऊक आहे. कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला तुम्ही फोन केलात तर ट्रॅक्टर एक तास थांबेल. आमच्या फोनने तो कधी थांबला नाही.

दवाखान्यात जी आई प्रश्न विचारते तिला बसवून घ्या. तुमच्या हातून दिलेल्या लसीनंतर काही वावगं झालं तर त्याच दिवशी जिल्ह्याला कळवा. ज्यांनी नकारच ठरवला आहे त्यांच्यासाठीही दार उघडं ठेवा, तारीख द्या, पुन्हा बोलवा. माझ्या अनुभवात नकार देणाऱ्यांपैकी बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या भेटीत तयार झाले, आणि ज्यांना कुणी हिणवलं होतं ते कधीच झाले नाहीत.

दिवाळीनंतर कारखान्यांचे भोंगे वाजतील. त्याआधी तुमच्या बैठकीत या पत्रावर अर्धा तास द्यावा आणि कोणता कारखाना कुणाकडे, याची यादी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे पाठवावी, ही विनंती. खोपी कुठे पडतात ते दाखवायला मी अजून चालू शकते.



आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
कराड, जि. सातारा